गोरखचिंच : ओळख, आयुष्य आणि रोपे

कोकण किनाऱ्यावरील जुन्या वस्त्यांत, किल्ल्यांच्या परिसरात, मठ व दर्गे यांच्या आवारात, तर क्वचित एखाद्या गावाच्या वेशीवर असा एक वृक्ष आढळतो की, ज्याचे खोड प्रथमदर्शनी झाडाचे न वाटता एखाद्या बुरुजाचे वाटावे. बुंधा अवाढव्य, साल राखी रंगाची व बरीचशी गुळगुळीत, आणि बुंध्याच्या मानाने फांद्या आखूड व जाड. हिवाळ्याच्या अखेरीस पाने गळून गेली म्हणजे कोणी झाड उपटून उलटे रोवले आहे आणि मुळे आकाशाकडे केली आहेत, असा भास होतो. हीच गोरखचिंच होय. वसईच्या किल्ल्याच्या परिसरात व मुंबईस भायखळ्याच्या राणीच्या बागेत ती ज्यांनी पाहिली असेल, त्यांना तिची ओळख पुन्हा करून देण्याची आवश्यकता नाही.

गोरक्षनाथांनी या वृक्षाखाली बसून शिष्यांना उपदेश केला, अशी श्रद्धा आहे व त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. नावातील ‘चिंच’ मात्र केवळ फळातील आंबट गरामुळे आलेली आहे. चिंचेशी या वृक्षाचे काहीही नाते नाही. त्याचे खरे आप्त म्हणजे काटेसावर, कापूस, भेंडी आणि अंबाडी. सावरीच्या पानाप्रमाणेच याचेही पान हाताच्या पंजासारखे असून एका देठावर पाच ते सात पर्णिका असतात. शास्त्रीय नाव अ‍ॅडनसोनिया डिजिटाटा. त्यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘बोटे असलेली’ असाच आहे, आणि पहिला शब्द मिशेल अ‍ॅडनसन या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाच्या नावावरून आला आहे. त्याने १७४९ ते १७५४ या काळात पश्चिम आफ्रिकेतील सेनेगाल देशात राहून या वृक्षाचा अभ्यास केला होता.

ज्या गावी हा वृक्ष असतो, त्या गावी तो बहुधा एकटाच असतो, ही गोष्ट शेतकरी बंधूंच्या सहसा ध्यानात येत नाही. वडपिंपळाची रोपे विहिरीच्या चिऱ्यांतूनदेखील उगवतात. कडुनिंबाखाली पावसाळ्यात रोपांचा सडा पडतो. परंतु गोरखचिंचेचे रोप आपण पाहिले आहे असे सांगणारा मनुष्य विरळाच. वृक्ष शतकानुशतके उभा असल्याने तो पुढेही राहणार असे सर्वजण गृहीत धरतात. आणि एखाद्या पावसाळ्यात तो कोसळला म्हणजे त्या गावातून ही जातच नाहीशी होते. कर्नाटकात हावेरी जिल्ह्यातील सावनूर येथे दोड्ड हुणसे मठाच्या आवारात अशी तीन प्रचंड झाडे होती. मठाच्या नावाचा अर्थच मुळी ‘मोठ्या चिंचेचा मठ’. त्या तिघांपैकी एक २०२३ च्या पावसाळ्यात उन्मळून पडले. म्हणून या वृक्षाचे आयुष्य, आणि त्याची रोपे का दिसत नाहीत याची कारणे, थोडी विस्ताराने पाहणे उचित ठरेल.

मूळ देश

गोरखचिंचेच्या एकूण आठ जाती जगात आहेत. त्यांपैकी सहा केवळ मादागास्कर बेटावर, एक ऑस्ट्रेलियाच्या वायव्य भागात आणि एक, म्हणजे आपल्याकडे आढळणारी, आफ्रिका खंडात आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनानुसार या सर्व जातींचे मूळ मादागास्करमध्ये असावे. आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील कोरड्या, उष्ण आणि गवताळ प्रदेशात हा वृक्ष निसर्गतः वाढतो.

भारतात तो कोणी आणला याविषयी पुष्कळ आख्यायिका आहेत. अरब व्यापाऱ्यांनी आणला असे कोणी म्हणतात, पोर्तुगिजांनी आणला असे कोणी म्हणतात. माळव्यात मांडू येथे, जिथे ही झाडे विपुल आहेत आणि फळे रस्त्याच्या कडेला विकावयास मांडलेली असतात, तिला ‘खुरासानी इमली’ म्हणतात. वास्तविक खुरासानात हा वृक्ष होत नाही. या नावावरून तो बाहेरून आला एवढे लोकांच्या स्मरणात राहिले होते, असा अर्थ फार तर काढता येईल. २०१५ साली भारतातील व आफ्रिकेतील झाडांच्या आनुवंशिक घटकांची तुलना प्रसिद्ध झाली. तीवरून असे दिसते की, आपली झाडे एकाच वेळी, एकाच ठिकाणाहून आलेली नसून निरनिराळ्या काळी मुख्यतः पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून, म्हणजे मोझांबिक, टांझानिया व केनिया या भागांतून, आणि काही पश्चिम आफ्रिकेतूनही आलेली आहेत. ज्या सागरी मार्गांनी व्यापारी, खलाशी आणि हबशी सैनिक आपल्या बंदरांत उतरले त्याच मार्गांनी हे बीही उतरले असावे. केवळ पोर्तुगिजांना याचे श्रेय देता येत नाही, याचा पुरावा प्रयागराजजवळील झूँसी येथे उभा आहे. तेथील गोरखचिंचेच्या लाकडाची कार्बन पद्धतीने तपासणी केली असता तिचे वय सुमारे ७७५ वर्षे निघाले. वास्को द गामा कालिकतला आला तो १४९८ साली.

खोड, साल आणि पाणी

या वृक्षाचे लाकूड हे लाकूड या नावास फारसे पात्र नाही. ते स्पंजासारखे मऊ असून त्यात निम्म्याहून पुष्कळ अधिक भार पाण्याचा असतो. वाळल्यावर ते अत्यंत हलके होते. फळ्या काढण्यास वा जळणास ते निरुपयोगी आहे, आणि कुऱ्हाडीपासून हा वृक्ष आजवर वाचला याचे एक कारण हेही असावे. मेलेले झाड इतर झाडांप्रमाणे सांगाडा होऊन उभे राहत नाही. ते आतून कुजून काही काळातच तंतूंच्या ढिगाऱ्यासारखे खाली बसते. म्हणूनच बाहेरून धडधाकट दिसणारा वृक्ष एकाएकी कोसळल्याच्या वार्ता येतात.

खोडातील या पाण्याविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. उन्हाळ्यात झाड हे पाणी हळूहळू पिऊन जगते, तेव्हा खोड म्हणजे एक प्रकारचा रांजण होय, असे मानले जाते. मादागास्करमध्ये केलेला आणि २००६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास वेगळे सांगतो. पाने असताना रोजच्या बाष्पीभवनासाठी हा साठा फारसा वापरला जात नाही. पाऊस पडण्यापूर्वी, जमीन कोरडी असतानाच नवी पालवी फोडण्यासाठी झाड त्याचा उपयोग करते. राहिलेले पाणी पेशींमध्ये ताण कायम ठेवते, आणि त्या ताणावरच हा मऊ बुंधा एवढ्या भाराखाली उभा राहतो. पाणी फार काढून घेतले तर झाड केवळ तहानलेले होणार नाही, ते दुबळे होईल. दीर्घ अवर्षणात बुंध्याचा घेर किंचित कमी होतो व पावसानंतर पुन्हा वाढतो, हे मात्र खरे आहे.

रांजणाची कल्पना खरी झाली ती मनुष्याच्या हातून. सुदान देशातील कोर्दोफान हा आपल्या दुष्काळी टापूसारखाच, किंबहुना अधिक कठीण असा प्रदेश. तेथील लोक गोरखचिंचेला ‘तेबेल्दी’ म्हणतात. जुन्या झाडाचा बुंधा आतून कोरून ते पोकळ करीत आणि वर फांद्या फुटतात तेथे तोंड ठेवीत. पावसाळ्यात बुंध्याभोवती उथळ आळे खणून त्यात साठलेले पाणी चामड्याच्या बादलीने वर ओढून पोकळीत भरीत. एकेका झाडात हजारो लिटर पाणी मावे, आणि झाड जिवंत राहूनच ते उन्हाळाभर सांभाळी. अशा झाडांची मालकी ठरलेली असे व ती वारसाहक्काने पुढे चाले. आपण शेततळ्यात जे आडवे साधतो, ते त्यांनी उभ्या खोडात साधले. आपल्याकडील एकुलत्या एक झाडावर हा प्रयोग कोणी करू नये, हे सांगावयास नकोच.

सालीचीही एक विशेषता आहे. ती जाड व तंतुमय असून आफ्रिकेत तिचे दोर, चटया व पिशव्या वळतात. बहुतेक झाडांची साल सभोवार काढली तर ती मरतात. गोरखचिंच मात्र योग्य रीतीने काढलेली साल पुन्हा धरते. बाह्य सालीखाली हिरवा थर असतो, आणि पाने नसताना तोही थोडेफार अन्न तयार करतो. तथापि या गुणाचा अर्थ झाडाला इजा सोसते असा नाही. वारंवार खोल जखमा झाल्यास बुरशी व कूज आत शिरते.

वयाचा प्रश्न

अ‍ॅडनसनने सेनेगालच्या किनाऱ्याजवळील बेटांवर जी झाडे पाहिली, त्यांच्या सालीत पूर्वीच्या युरोपीय खलाशांनी नावे कोरलेली होती. ती अक्षरे किती खोल गेली आहेत यावरून त्याने वाढीचा वेग काढला व काही वृक्ष ५००० वर्षांहून अधिक जुने असावेत असा अंदाज केला. त्याच्या काळी या आकड्याने मोठा वाद माजला. खरे उत्तर मिळण्यास दोनशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला. झांबेझी नदीवरील करिबा धरणाच्या जलाशयासाठी जंगल तोडले गेले, तेव्हा मिळालेल्या एका वृक्षाच्या गाभ्याची कार्बन तपासणी १९६३ साली प्रसिद्ध झाली. वय सुमारे १००० वर्षे निघाले. पुढे झिंबाब्वेमधील एक वृक्ष सुमारे २४५० वर्षांचा ठरला. अ‍ॅडनसनचा आकडा चुकला, पण वृक्ष फार दीर्घायुषी आहे हे त्याचे म्हणणे खोटे नव्हते.

बुंध्याच्या घेरावरून वय सांगण्याचा मोह मात्र टाळावा. गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यातील वृक्षाचा घेर सुमारे २७ मीटर भरतो, व त्यावरून त्याच्या वयाचे नाना आकडे सांगितले जातात. वस्तुस्थिती अशी की, मोठी गोरखचिंच हे पुष्कळदा एक खोड नसतेच. मुळाशी वेळोवेळी नवे धुमारे फुटतात, ते जाड होऊन परस्परांस जुळतात आणि वर्तुळाकार मांडणीत एकच बुंधा भासतो. मधली जागा रिकामी राहिली तर ती ढोलीसारखी दिसते. परंतु तिच्या आतल्या बाजूलाही साल असते, यावरून ती कुजून झालेली नाही हे ओळखता येते. अशा झाडात एक खोड पाचशे वर्षांचे तर शेजारचे दोनशे वर्षांचे असू शकते. लहान घेराचे झाड कधी मोठ्याहून जुने निघते ते यामुळेच.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीने सर्वांचे लक्ष वेधले. आफ्रिकेतील सर्वांत जुन्या १३ वृक्षांपैकी ९ वृक्ष २००५ नंतरच्या काळात पूर्णतः मेले किंवा त्यांची जुनी खोडे कोसळली, असे तीत आढळले. रोगाची साथ दिसली नाही. बदलते हवामान हे कारण असावे असा संशोधकांचा तर्क आहे. तो सिद्ध झालेला नाही. जातच नष्ट होऊ लागली असा याचा अर्थ नव्हे, कारण मध्यम वयाची झाडे अनेक ठिकाणी उत्तम आहेत. पण जे हजार वर्षे टिकले ते आणखी हजार वर्षे टिकेलच, या समजुतीला आता आधार उरलेला नाही.

फूल आणि फळ

मे ते जुलैच्या सुमारास नव्या पानांबरोबर फुले येतात. लांब देठावर खाली लोंबणारे, पाच जाड पांढऱ्या पाकळ्यांचे व मध्ये पुंकेसरांचा गोंडा असलेले हे फूल तळहाताएवढे असते. ते संध्याकाळी उमलते, त्याला उग्र वास येतो आणि दुसऱ्या दिवशी ते गळून पडते. फलाहारी वटवाघळे रात्री मधासाठी येतात व परागीभवन घडवितात. वटवाघळांना अशुभ मानून हुसकावून लावणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

हिवाळ्यात फळे तयार होतात. मखमली लव असलेले कठीण कवच, आत तंतू, आणि बियांभोवती पांढरट, कोरडा, भुकटीसारखा आंबट गर. पाण्यात कालवून त्याचे सरबत चांगले होते. गरात क जीवनसत्त्व विपुल असून दर १०० ग्रॅमला साधारणपणे १५० ते ३०० मिलिग्रॅम, कधी त्याहून अधिकही असते. संत्र्यात ते सुमारे ५० मिलिग्रॅम असते असे सांगून जाहिराती केल्या जातात. मात्र ही तुलना कोरड्या भुकटीची आणि रसाळ फळाची आहे, हे विसरू नये. युरोपीय संघाने २००८ साली या गराच्या विक्रीस मान्यता दिल्यापासून त्याला परदेशात मागणी आहे. पश्चिम किनाऱ्यावरील कोळी बांधव वाळक्या फळांचा उपयोग जाळ्यांना तरंगत ठेवण्यासाठी करीत आले.

पश्चिम आफ्रिकेत पानांचे महत्त्व फळांहून मोठे आहे. कोवळी पाने ताजी किंवा वाळवून, कुटून रोजच्या कालवणात घालतात. भेंडीप्रमाणे त्यांना बुळबुळीतपणा असतो, आणि त्यांत कॅल्शियम भरपूर असते. माली, बुर्किना फासो या देशांत गादीवाफ्यावर बी दाट पेरून केवळ पाल्यासाठी त्याची लागवड करतात. अंबाडीची भाजी खाणाऱ्या आपल्या लोकांना हे चमत्कारिक वाटू नये.

कापूस पिकविणारे शेतकरी एक शंका विचारतात. कापसाच्या कुळातील असल्याने कपाशीवरील लाल ढेकण्यासारखी कीड या झाडावर राहते हे खरे आहे. तशी ती भेंडीवर व सावरीवरही राहते. गावातील एका वृक्षाने किडीच्या प्रमाणात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. शेतातील पऱ्हाट्या वेळेवर काढल्याने पडतो. त्या कारणासाठी हा वृक्ष तोडू नये.

रोपे का दिसत नाहीत

पहिले कारण फुलातच आहे. गोरखचिंच बव्हंशी परपरागी आहे. स्वतःच्या परागाने तिला फळे क्वचितच धरतात. आसपास दुसरे झाड नसले म्हणजे फुले भरपूर येऊनही फळे थोडी, असा प्रकार होतो. लोक अशा झाडाला ‘नर’ म्हणतात. वस्तुतः प्रत्येक फुलात दोन्ही भाग असतात. एकाकी वृक्षाचे एकाकीपण असे वाढत जाते.

दुसरे कारण बियांचे. त्यांचे कवच इतके टणक असते की, तसेच पेरलेले बी पाचांत एकही धड उगवत नाही, आणि जे उगवते तेही केव्हा उगवेल याचा नेम नसतो. आफ्रिकेत हत्ती, बबून माकडे यांच्या पोटातून गेल्यावर ते कवच नरम होते. आपल्याकडे ते काम करणारे कोणी उरले नाही. माणूस गर चोखतो आणि बी उकिरड्यावर टाकतो.

तिसरे कारण सर्वांत साधे व सर्वांत दुर्लक्षित आहे. रोपाची पहिली पाने पंजासारखी नसतात, एकेरी व साधी असतात. पंजा नंतर येतो. त्यामुळे ते रोप गोरखचिंचेचे आहे हे जाणत्यासही कळत नाही, ते तण म्हणून खुरपले जाते किंवा शेळी खाऊन टाकते. आफ्रिकेतही पुष्कळ ठिकाणी लहान गोरखचिंच कोणी पाहिलीच नाही अशी समजूत आहे, आणि तिचे मूळ यातच आहे.

रोपे तयार करणे

बी शक्यतो दोन-तीन निरनिराळ्या झाडांचे मिळवावे. गर पाण्यात धुऊन बी वाळवावे. त्यानंतर प्रत्येक बियाचे कवच कानशीने अथवा खरखरीत दगडावर एका बाजूस एवढेच घासावे की आतील पांढरा भाग जेमतेम दिसावा, आणि बी रात्रभर पाण्यात भिजवावे. बी पुष्कळ असेल तर उकळून खाली उतरलेल्या पाण्यात टाकून ते त्याच पाण्यात २४ तास ठेवावे. रोपवाटिकांमध्ये तीव्र गंधकाम्लाची प्रक्रिया करतात. गावात कोणीही ती करू नये.

उन्हाळ्यात पिशव्यांत दोन-तीन सेंटिमीटर खोल पेरणी करावी. उगवण दोन ते पाच आठवड्यांत होते. पिशवी उंच घ्यावी, कारण रोपाचे सोटमूळ गाजरासारखे जाड होऊन झपाट्याने खाली जाते व आखूड पिशवीत वळते. माती पाझरणारी असावी. या रोपाला मारते ती तहान नव्हे, साचलेले पाणी. पावसाळ्याच्या आरंभी निचऱ्याच्या जमिनीत ती लावावी व गुराढोरांपासून निदान तीन-चार वर्षे काट्यांचे कुंपण ठेवावे. दोन रोपे एकमेकांपासून वीसएक मीटर अंतरावर, आणि जुने झाड असेल तर त्याच परिसरात लावल्यास परागाची अडचण दूर होते. घर, विहीर, बांध आणि रस्ता यांच्या लगत मात्र लावू नये. गायरान, शाळेचे मोठे मैदान, देवस्थानची जमीन या जागा योग्य.

फळबाग म्हणून या झाडाची शिफारस प्रस्तुत लेखक करणार नाही. बियांपासूनच्या झाडाला फळ येण्यास पंधरा-वीस वर्षे सहज लागतात. कलमांना ते पुष्कळ लवकर येते, पण खात्रीची कलमे आणि खात्रीची बाजारपेठ यांपैकी एकही शेतकऱ्याच्या हाताशी नाही. एकरी लाखाचे हिशेब मांडून रोपे विकणाऱ्यांपासून सावध राहावे.

उभ्या झाडांसाठी

जुन्या वृक्षाची मुळे खोल नसून उथळ व फार दूरवर पसरलेली असतात. गटार, पाण्याची नळवाट किंवा पार बांधण्यासाठी बुंध्याजवळ खणणे म्हणजे त्याचा पाया काढणे होय. बुंध्याभोवती काँक्रीट घालू नये, ढोलीत कचरा जाळू नये, खिळे ठोकू नयेत.

नागरी क्षेत्रांतील झाडांसाठी १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना ‘प्राचीन वृक्ष’ म्हणून विशेष स्थान दिले आहे. खेड्यांतील झाडांकरिता हाताशी असलेले साधन म्हणजे २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली समितीने ठेवावयाची लोक जैवविविधता नोंदवही. आपल्या गावात गोरखचिंच असेल तर गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ती या नोंदवहीत आली आहे किंवा कसे ते पाहावे. जागा, जमीन कोणाची, खोडे किती, ढोली आहे काय, पालवी व फुले कोणत्या महिन्यात आली, फळे साधारण किती धरली, एवढे लिहिले तरी पुरे. बुंध्याचा घेर जमिनीपासून साडेचार फुटांवर दोरीने मोजावा, आणि दरवर्षी एकाच महिन्यात मोजावा. उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा मोजल्यास झाड वाढले की नुसते पाण्याने फुगले, हे सांगता येणार नाही.